पदवीच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी सामाईक शिक्षणाची उद्दिष्टं लिहायची आहेत. एकतीस झालीत, कमी कशी करू?

प्रयोगवही

नमस्कार. मी पदार्थविज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका बैठकीला उशिरा पोचले आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात जे पडतं ते पडलं. शाखा कुठलीही असो, पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुख्य विषयाबरोबर जे सामाईक विषय घ्यायचे असतात, त्यांची उद्दिष्टं ठरवणाऱ्या समितीची मी सचिव झाले.

सचिव म्हणजे टंकलेखक, असं समजून मी सगळ्या विभागांकडून सूचना मागवल्या. आल्या. एकत्र केल्या तर एकतीस उद्दिष्टं. त्यातली अकरा एकाच सहकाऱ्याची आहेत, पण ते असो. नमुना देते: 'चिकित्सक विचारशक्ती विकसित करणे', 'प्रभावी संवादकौशल्य', 'नैतिक मूल्यांची रुजवणूक', 'जागतिक नागरिकत्वाची जाणीव', 'सौंदर्यदृष्टी', 'आजन्म शिकण्याची वृत्ती', 'संख्यात्मक साक्षरता', 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास'. रात्री यादी पुन्हा वाचली आणि प्रामाणिकपणे स्वतःला गुण दिले. नऊ उद्दिष्टांत मीच नापास आहे.

यादी छाटायला बसलं की दर वेळी एकच होतं. एखादं उद्दिष्ट काढू म्हटलं की एक विभाग उभा राहतो. कारण उद्दिष्ट गेलं तर त्यावर बेतलेला विषय जातो, विषय गेला तर तास जातात, आणि तास गेले तर कुणाचा तरी कार्यभार कमी पडतो. हे कुणी तोंडाने बोलत नाही. तोंडाने सगळे 'विद्यार्थिहित' म्हणतात.

हे काम मी टाळत का नाही, तेही सांगते. दोन प्रसंग आहेत. पहिला आमच्या प्रयोगशाळेतला. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण काढलं. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, आलं ९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. दशांश चिन्ह घसरलं होतं, ते कुणाचंही घसरतं. पण खाली त्याने व्यवस्थित, रेघ मारून लिहिलं होतं, 'यावरून सिद्धांत पडताळला गेला.' मी विचारलं, अरे, या हिशोबाने हातातून सुटलेली वही एका सेकंदात किती मीटर खाली जाईल? तो म्हणाला, "मॅडम, पण रीत बरोबर आहे ना?" हुशार मुलगा. गणितं फटाफट सोडवतो.

दुसरा प्रसंग उलटा. साहित्याच्या मुलामुलींना मी 'विज्ञानाची ओळख' नावाचा सामाईक विषय शिकवत होते. प्रकाशाचा वेग सांगितला आणि पुढे निघाले. मागून एकीने विचारलं, "मोजला म्हणजे नेमकं काय केलं? कुणी कुठे उभं राहून मोजला?" मी थांबले. माझ्या स्वतःच्या विषयाच्या वर्गात हा प्रश्न शेवटचा कधी आला होता ते आठवेना. त्या दिवशी पाठ्यक्रम बाजूला ठेवून रोमर या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली: १६७६ साली त्याला दिसलं की गुरूच्या एका चंद्राची ग्रहणं पृथ्वी गुरूपासून लांब असताना उशिरा दिसतात, आणि हा उशीर म्हणजे प्रकाशाला लागणारा वेळ.

त्या मुलीकडे जे होतं आणि त्या मुलाकडे जे नव्हतं, ते या एकतीसमधलं नेमकं कितवं उद्दिष्ट, हे मला सांगता येत नाही. तेच माझं दुखणं आहे.

तर विचारायचंय ते असं. उद्दिष्टं किती असावीत? त्यात 'काय माहीत हवं' हे लिहायचं की 'काय करता यायला हवं' हे? आणि ती साधली की नाही हे कळणार कसं? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर अनुभव हवा आहे. धोरणांचे उतारे माझ्याकडे भरपूर आहेत.

मागचा_बाक

प्रयोगवहीताई, मी इतिहास शिकवून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं आमच्याकडच्या सामाईक विषयांचं संयोजन माझ्याकडे होतं. एकतीस ही संख्या फार नाही. आमची बेचाळीस होती.

छाटायची युक्ती सांगतो. 'हे महत्त्वाचं आहे का?' असं कधीही विचारू नका. सगळंच महत्त्वाचं असतं, कुणी उठून 'सौंदर्यदृष्टी नको' असं म्हणणार आहे का? प्रत्येक उद्दिष्टासमोर एक कोरी ओळ ठेवा आणि ज्याने ते सुचवलं त्यालाच ती भरायला सांगा: विद्यार्थी काय करून दाखवेल, कशावर, आणि ते कोण बघेल? आमच्याकडे या एका ओळीने पहिल्याच बैठकीत निम्मी यादी गळाली, आणि गळवणारे आम्ही नव्हतो, सुचवणारेच होते. 'आजन्म शिकण्याची वृत्ती' सुचवणारे गृहस्थ पाऊण तास पेन धरून बसले आणि शेवटी म्हणाले, हे प्रस्तावनेत घाला.

'चिकित्सक विचारशक्ती'चं आमच्याकडे काय झालं बघा. एका शिक्षिकेने ओळ भरली ती अशी: एका लेखातला मुख्य दावा ओळखणं, त्याला दिलेल्या आधारांपैकी कच्चा कोणता ते दाखवणं, आणि कोणती गोष्ट समोर आली तर लेखकाला मत बदलावं लागेल ते दोन पानांत लिहिणं. आता हे तपासता येतं. त्यावर भांडताही येतं, जे जास्त उपयोगी.

हे भांडण जुनं आहे, म्हणून थोडा इतिहास (खोड जात नाही). १८२८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी अहवाल लिहिला, त्यात पदवीच्या शिक्षणाची दोन कामं सांगितली: मनाला वळण लावणं आणि मनात सामान भरणं. दोन्हींत वळण मोठं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते वळण ग्रीक-लॅटिनने लागतं असा त्यांचा विश्वास. १८६९ मध्ये एलियट हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि त्याने चाळीस वर्षांत जवळजवळ सगळं ऐच्छिक करून टाकलं, ज्याला जे हवं ते घ्या. त्याच्यामागून आलेल्या लॉवेलला तो पसारा वाटला. त्याने एक विषय खोल आणि बाकीचे गटागटांतून थोडेथोडे, ही पद्धत आणली. आज जगात बहुतेक ठिकाणी 'या खोक्यातला एक, त्या खोक्यातला एक' असं जे चालतं, त्याचं मूळ तिथे आहे. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतर सगळ्यांना एकच सामाईक विषय सक्तीचा केला, समकालीन संस्कृतीवरचा, आणि तो अजून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, हार्वर्डने पुन्हा लोकशाहीतल्या माणसाला काय यायला हवं यावर जाडजूड अहवाल काढला. १९६९ मध्ये ब्राउन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्याच आग्रहाने हे सगळे सक्तीचे गट काढून टाकले. तुमचाच लंबक म्हणा.

माझ्या वाचनात या सगळ्यांत टिकलं ते त्यांचं, ज्यांनी थोडंच मागितलं.

आता आमची चूक, कारण तुम्ही अनुभव मागितलात. आम्ही सहा उद्दिष्टं ठरवली आणि सहाही पहिल्या वर्षात कोंबली. एक उद्दिष्ट, एक विषय, एक परीक्षा, झालं. 'दुसऱ्याचं लेखन वापरताना उगम सांगणं' हे त्यातलं एक. मुलांना त्यात छान गुण पडले. दोन वर्षांनी मी सहज म्हणून त्याच मुलांचे तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प मागवून वाचले. पानंच्या पानं उचललेली, उगम कुठेही नाही. एकाला बोलावून विचारलं. तो गोंधळला आणि म्हणाला, "सर, ते त्या विषयात होतं." त्याचं काही चुकलं नव्हतं. तिसऱ्या वर्षात कुणी ते मागितलंच नव्हतं.

यात नवल नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, अगदी सारखी वाटणारी कामं असली तरी. लोकांना आयतांची क्षेत्रफळं अंदाजायला शिकवली, त्याने वेगळ्या आकारांचा अंदाज फारसा सुधारला नाही. ग्रीकने 'वळण' लागतं या कल्पनेला तो मोठा धक्का होता. आपण ग्रीक काढलं, पण 'चिकित्सक विचार' नावाचा दोन श्रेयांकांचा विषय ठेवून तीच चूक करतो.

म्हणून नंतर आम्ही नियम केला: जे उद्दिष्ट ठेवायचं ते विद्यार्थ्याला निदान तीन वेळा भेटलं पाहिजे, आणि त्यातली एक भेट त्याच्या मुख्य विषयात. हा नियम लावला की यादी पाच-सहाच्या वर जातच नाही, कारण मुख्य विषयाचे लोक त्याहून जास्त घेत नाहीत.

माहिती की कौशल्य, या प्रश्नावर अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००७ मध्ये चार कप्पे केले होते ते बघून ठेवा: माणसाच्या संस्कृतीचं आणि निसर्गाचं ज्ञान, बौद्धिक आणि व्यावहारिक कौशल्यं, वैयक्तिक आणि सामाजिक जबाबदारी, आणि हे सगळं जोडून वापरणं. उतरवून घेऊ नका. चौथा कप्पा मात्र सगळेच विसरतात.

दशांश_चिन्ह

९८ वाचून माझं सदस्यनाम बदलावं की काय असं वाटलं. असो.

माझं मत कडू आहे. सामान्य शिक्षण हे शाळेचं काम. इंग्लंडमध्ये मुलं थेट एका विषयाला प्रवेश घेतात आणि तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात. तिथे कुणी अर्धवट माणूस होऊन बाहेर पडतो असं ऐकलं नाही. आम्ही गणितात मुलांना वास्तव विश्लेषण (कलनशास्त्राचा काटेकोर पाया) धड शिकवू शकत नाही, कारण आठवड्याचे तास सामाईक विषयांनी खाल्ले. आणि तिकडे काय चालतं? 'सर्वांसाठी गणित' म्हणून पुन्हा शेकडेवारी. मी स्वतः शिकवलंय. सातवीचं गणित, फक्त मुलांना मिशा.

विषय घ्यायचाच तर खरा घ्या. कवितेच्या विद्यार्थ्याला युक्लिडची 'मूळ संख्या अनंत आहेत' ही सिद्धता एक महिना लावून शिकवा. दहा ओळींची आहे, पण ती खरोखर कळली तर सिद्ध करणं म्हणजे काय ते जन्मभर कळेल. वरवरचे पाच विषय चाखवून काहीही होत नाही.

बेअरिंग

दशांशराव, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन, मधल्याला नाही.

मी यंत्र अभियंता. शिकवण्याशी संबंध नाही, फक्त नव्याने लागलेल्या पोरांचे अहवाल वाचतो. विद्यार्थी असताना 'संवादकौशल्य'च्या तासाला मागे बसून दुसऱ्या विषयाची आकृती काढणारा मीच होतो. आता त्याची फेड करतोय.

ताई, तुम्ही विचारलंत ना की त्या मुलाकडे नेमकं काय नव्हतं. एक उदाहरण देतो, जे मी नव्या लोकांना पहिल्या आठवड्यात देतो.

चॅलेंजर, नासाचं अवकाशयान. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही जण गेले. कारण सगळ्यांना माहीत आहे: बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली रबराची कडी थंडीत ताठरली आणि तिने सांधा बंद केला नाही. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांना आदल्या रात्रीच भीती वाटत होती. त्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत नासाला सांगितलं की ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सियसखाली, उडवू नका. पुरावा मागितला गेला. त्यांनी तक्ते पाठवले. तक्ते पटले नाहीत. मग त्यांच्याच व्यवस्थापनाने बाजूला बसून निर्णय फिरवला.

चौकशी आयोगाने नंतर एक गोष्ट दाखवली, ती माझ्या मते पदवीच्या प्रत्येक मुलाने बघावी. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तेवढीच तापमानाच्या आलेखावर मांडली तर काहीच दिसत नाही. थंडीतही इजा, उन्हातही इजा. पण ज्यांत काहीच झालं नव्हतं ती उड्डाणंही त्याच आलेखावर टाका. ६६ अंश किंवा त्याहून उबदार अशा वीस उड्डाणांपैकी फक्त तीनांत इजा. ६३ किंवा त्याखालच्या चार उड्डाणांपैकी चारांत. उड्डाणाच्या सकाळी तापमान होतं ३६ अंश, दोन सेल्सियसच्या आसपास.

त्या रात्रीच्या लोकांना पदार्थविज्ञान येत होतं, यंत्रशास्त्र येत होतं. मग कमी काय पडलं? संख्या? लेखन? धैर्य? वरिष्ठाला 'नाही' म्हणण्याची रीत? तुमच्या एकतीसपैकी निदान पाच उद्दिष्टं त्या एका बैठकीत एकत्र हजर होती. वेगवेगळ्या पाच विषयांत शिकवली असती तर त्या रात्री ती एकत्र आली असती का, मला शंका आहे.

वर्गात करून बघायचं असेल तर एक सूचना. आधी फक्त इजा झालेल्या उड्डाणांचे ठिपके द्या. यानाचं नाव सांगू नका. 'थंडीचा संबंध दिसतो का?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

मागचा_बाक

बेअरिंग, हे मी उचलतोय. उगम सांगेन.

दशांशराव, शाळेचं काम शाळेने केलं तर मीही तुमच्या बाजूने आहे. पण इंग्लंडची पदवी तीन वर्षांची आहे म्हणून तिथे हा प्रश्न नाही असं नाही, त्यांनी तो शाळेच्या शेवटच्या वर्षांवर ढकललाय. उलट दिशेचंही उदाहरण आहे: हाँगकाँगच्या विद्यापीठांनी २०१२ मध्ये तीन वर्षांची पदवी चार वर्षांची केली आणि वाढलेल्या जागेतला बराच भाग सामान्य शिक्षणाला दिला. दोन्ही चालतं. चालत नाही ते तीन वर्षांच्या पोत्यात चार वर्षांचा माल भरणं, आणि तुमची तक्रार खरं तर तीच आहे.

प्रयोगवही

सगळ्यांचे आभार. बारा दिवस गायब होते, त्याचं कारण काम झालं.

आधी ती कोरी ओळ. सगळ्या विभागांना पाठवली. एकतीसपैकी चौदांच्या ओळी कोऱ्याच परत आल्या, तीनांवर 'चर्चा करू' असं लिहून. बाकीच्यांत बरीच एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं निघाली, ती एकत्र केल्यावर पाच उरली. 'संवादकौशल्य', 'सादरीकरण' आणि 'भाषिक प्रावीण्य' या तिन्हींच्या ओळीत शेवटी एकच आलं: आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं एक पान लिहिणं, आणि त्याने न कळलेलं विचारलं की ते पुन्हा लिहिणं. दुसऱ्यांदा लिहिणं हे मी आग्रहाने घातलंय.

कार्यभाराचं भांडण मात्र वेगळ्याच ठिकाणी सुटलं. पर्यावरणाच्या सहकाऱ्यांशी बोलताना लक्षात आलं की आम्ही दोन याद्या एकत्र कालवल्या होत्या. पर्यावरण हे उद्दिष्ट नाही, तो माल आहे. इतिहास, कला, आरोग्य हाही माल. त्या मालावर विद्यार्थी काय करायला शिकतो ते उद्दिष्ट. याद्या वेगळ्या केल्या. विषय सगळ्यांचे राहिले, तास राहिले, पण प्रत्येकाने सांगायचं की आपल्या विषयात या पाचांपैकी कोणती दोन उद्दिष्टं मुलं करून दाखवतील. कुणाचं काही गेलं नाही म्हटल्यावर बैठक चाळीस मिनिटांत संपली. आमच्याकडे हा विक्रम असावा.

आता ठिपके. दुसऱ्या वर्षाच्या सामाईक वर्गात केलं, बेचाळीस मुलं, सगळ्या शाखांची मिसळ. फक्त इजा झालेल्यांचे ठिपके दिले. पंधरा मिनिटांनी हात वर करायला सांगितले तर छत्तीस जणांचं मत, थंडीचा संबंध नाही. चार जण म्हणाले, सांगता येत नाही. दोघं झोपले होते. मग मी बाकीची उड्डाणं टाकली. वर्ग शांत. आणि एक मुलगा चिडला. खरोखर चिडला. "मॅडम, हे फाउल आहे. तुम्ही ही आधी दिलीच नव्हती!"

मी म्हटलं, हो, दिली नव्हती. तू मागितली का नाहीस?

तो खाली बसला. तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "पण ती आहेत हे मला कसं कळणार?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही दोघं फळ्यासमोर उभे राहून तेच शोधत बसलो. कशावरून कळलं असतं? शेवटी त्यानेच म्हटलं, "या आलेखावर सगळ्याच उड्डाणांत काही ना काही बिघडलंय. कधीच काही न बिघडता ते उडालं नसेल असं कसं होईल?"

साहित्याच्या त्या मुलीचा प्रश्न आणि ९८ वाला मुलगा, दोन्ही इथे जुळले. माझ्या मसुद्यातलं पहिलं उद्दिष्ट आता असं आहे: 'समोर ठेवलेली माहिती कुठून आली, कशी मोजली आणि तिच्यात काय नाही, हे विद्यार्थी न सांगता विचारतो.' 'न सांगता' या शब्दांवर समितीत आक्षेप आला, तपासायचं कसं म्हणून. मी ठेवलेत. तपासायची रीत हीच, की प्रश्नपत्रिकेत काहीतरी गाळायचं आणि बघायचं कुणी मागतं का.

दशांशराव, युक्लिडची सिद्धता दुसऱ्या उद्दिष्टात घेतली आहे, एक महिना लावून. शेकडेवारी काढली.

दशांश_चिन्ह

महिनाभर? मग मी माघार घेतो, निदान अर्धी.

पण हिशोब करा. तुमच्याकडे वर्षाला समजा सहाशे मुलं. प्रत्येक उद्दिष्ट तीन वेळा, पाच उद्दिष्टं. म्हणजे एका तुकडीचे नऊ हजार लेखी तुकडे. 'दोन पानं' म्हणायला सोपं आहे. वाचणार कोण? पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी चाळणं, तिसऱ्या वर्षी बहुपर्यायी प्रश्न. पैज लावतो.

मागचा_बाक

पैज घेऊ नका ताई, हराल. आमच्याकडे नेमकं असंच झालं होतं, फक्त बहुपर्यायी प्रश्न दुसऱ्याच वर्षी आले.

सुटका एका फरकात आहे. मुलाला गुण देणं हे एक काम आणि आपली योजना चालते का हे बघणं दुसरं. पहिलं काम ज्याचा वर्ग त्याने करायचं, ते आजही होतंच. दुसऱ्यासाठी सगळं वाचायची गरज नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांतून चिठ्ठ्या टाकून साठ उचला. नावं झाका. प्रत्येक प्रकल्पातली ठरावीक पाच-सहा पानंच घ्या, दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचायची, म्हणजे एकशेवीस वाचनं. सहा वाचणारे असतील तर माणशी वीस. दहा मिनिटं एकाला धरा, साडेतीन तासांच्या आत संपतं. वर्षातून एक सकाळ.

वाचण्याआधी मात्र एकच लेखन सगळ्यांनी वाचून गुण द्या आणि गुण मोठ्याने सांगा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एकाच निबंधाला दहापैकी चार ते नऊ असे गुण पडले. चार देणारे रसायनशास्त्राचे, नऊ देणारे तत्त्वज्ञानाचे. दोघांनी आपापलं कारण सांगितलं आणि दोघांचं पटण्यासारखं होतं. तासभर वाद झाला. 'आधार कच्चा' म्हणजे काय हे आम्हाला त्या तासात कळलं, त्याआधी दोन वर्षं आम्ही ते फक्त छापत होतो.

प्रयोगवही

साठ प्रकल्प, सहा जण, एक सकाळ. हे जमेल. पाच नावं आत्ताच सुचली. सहावं मिळत नाहीये. पाचांत तिघं पदार्थविज्ञानाचेच आहेत, तेही चालतील का?

मागचा_बाक

एक ठेवा, दोन बदला. आणि एक तरी असा घ्या ज्याचं बैठकीत तुमच्याशी कधीच पटत नाही.

प्रयोगवही

मग सापडला. एकतीसपैकी अकरा ज्यांची होती ते.